पहिल्या सीझनला डोक्यात गेला, दुसऱ्याला रडवलं : री झीरो आणि तसल्याच सिरीजबद्दल तुमचे अनुभव लिहा

भाच्याचा मामा

मागच्या आठवड्यात भाच्याला री झीरो ही जपानी अ‍ॅनिमे (कार्टून) सिरीज बघायला लावली आणि तिसऱ्याच दिवशी त्याचा फोन, अरे मामा हा सुबारू किती डोक्यात जातो, सोडू का? म्हटलं सोडू नकोस, पहिला सीझन कळ काढ, दुसऱ्यात सगळं व्याजासकट परत मिळतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नात्सुकी सुबारू नावाचा घरकोंबडा पोरगा दुकानातून बाहेर पडतो तो थेट दुसऱ्या जगात. शक्ती एकच, मेला की काळ मागे जातो आणि हा आधीच्या कुठल्यातरी क्षणी परत जिवंत. पहिला सीझन २०१६ चा, २५ भाग. तेराव्या भागात भर दरबारात हा स्वतःला एमिलियाचा (याचा जिच्यावर जीव जडलाय ती) सरदार म्हणवून घेतो आणि नंतर मार खातो, ते बघताना मी उशीत तोंड खुपसलं होतं, इतकी लाज वाटली त्याच्या वतीने.

दुसरा सीझन एप्रिल २०२० ला यायचा होता तो कोरोनामुळे जुलैला आला. पहिल्याच भागात रेमला (याच्यावर जीव टाकणारी हवेलीतली मोलकरीण) वाचवायला हा स्वतःच्या गळ्यात सुरा खुपसतो, आपण म्हणतो ठीक आहे, आता मागे जाईल आणि वाचवेल. तर परत येण्याची जागाच पुढे सरकलेली! रेम गेली ती गेलीच. (मेली नाही, झोपलीय, पण कुणाला आठवतच नाही ती.) तोवर त्याचं मरणं म्हणजे गेममधली लाइफ गेल्यासारखं वाटायचं, तिथून पुढे नाही वाटलं. मग जवळजवळ अख्खा सीझन एक गाव आणि एक हवेली, मारामारी कमी, आणि पहिल्या सीझनमध्ये जे जे खटकलं होतं त्या सगळ्याचा जाब या पोराला द्यावा लागतो.

तुमचं कुठल्या सिरीजबद्दल असं झालं? कुठे सोडलेली, परत कशी धरली, लिहा. मोकळं लिहा, स्पॉयलर चालतील.

चार विषय बाकी

मी आधी कुणाला हे सांगितलं नाहीये पण लिहितो. २०१९ ला मला वायडी लागला, म्हणजे वर्ष मागे पडलं, सेकंड इयरचे विषय राहिले. घरी सांगितलंच नाही, घरच्यांना वाटत होतं पोरगा थर्ड इयरला आहे. मार्च २०२० ला पुण्यातली रूम सोडून लातूरला घरी आलो आणि मग खरी पंचाईत, कारण सगळ्यांची ऑनलाइन लेक्चर सुरू आणि मला कसली लेक्चर? तर रोज सकाळी दार लोटून, कानात इअरफोन घालून, समोर वही उघडून मी अ‍ॅनिमे बघायचो. आई मधून मधून चहा आणून द्यायची, हळू पावलांनी, सरांना आवाज जाऊ नये म्हणून.

री झीरोचा पहिला सीझन तसाच संपवला, टाइमपास म्हणून. त्यात या पोराच्या घराबद्दल काहीच नाही, ट्रॅकसूट आणि हातात खाऊची पिशवी एवढंच. दुसऱ्या सीझनच्या चौथ्या भागात मात्र तो थडग्यातल्या परीक्षेला जातो आणि डोळे उघडतो ते स्वतःच्या खोलीत. शाळा सोडून घरात बसलेला मुलगा आणि वरच्या आवाजात मस्ती करणारे वडील. वडील असे की गल्लीतला प्रत्येक जण ओळखतो, सगळ्यांचे लाडके, आणि याला जन्मभर 'त्यांचा मुलगा' म्हणून उभं राहायचंय. माझ्या पप्पांचं किराणा दुकान आहे, आमच्या भागात तीन पिढ्या ओळखतात. मी पॉझ केलं आणि बराच वेळ वहीकडे बघत बसलो, पूर्ण कोरी होती.

तो वडिलांना सगळं सांगून टाकतो, रडत, नाक गळत. मारामारी नाही, जादू नाही, बागेतल्या बाकावरचं बोलणं फक्त.

मी लगेच सांगितलं असं नाही हां, अकरा दिवस गेले. मग एका दुपारी दुकानात गेलो आणि सांगितलं. पप्पा काहीच बोलले नाहीत, तूरडाळ मोजत होते ती मोजत राहिले. रात्री जेवताना विचारलं, किती विषय राहिलेत? चार. फॉर्म भरायला किती लागतील?

बस एवढंच. आईने मात्र दोन दिवस अबोला धरला, चहा आणल्याचा राग असणार.

ओसाकावाली

वरचं वाचून त्याच भागाचं पुढचं लिहिते. मी पुण्यात जपानी शिकले, आता इकडे नोकरीला आहे. त्या भागात वडिलांनंतर आई त्याला शाळेच्या वाटेवर सोडायला निघते. ही बाई भारी आहे, त्याला मटार आवडत नाहीत म्हणून मुद्दाम ताटात मटारचा डोंगर रचते आणि स्वतःलाही आवडत नाहीत! डोळेही त्याने तिचेच घेतलेत, ते रागीट वाटणारे. आणि निरोप घेताना तो म्हणतो इत्तेकिमास.

सबटायटलमध्ये त्याचं जे काही करतात ते फिकं पडतं, कारण त्याचा अर्थ सरळ 'जाऊन येतो' आहे. आपण नाही का, जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. आता तो मुलगा दुसऱ्या जगात अडकलाय, परत यायची काही वाट दिसत नाही, हे त्याला माहितीय, आणि तरी तो 'येतो' म्हणतो आणि आईही त्याला साजेसं उत्तर देते. मी निघाले तेव्हा आईने दारात हातावर दही घातलं होतं, टॅक्सीवाला घाई करत होता आणि मी गडबडीत 'चल आई, जाते' म्हणाले. तिने दुरुस्त करायला लावलं. टॅक्सीची काच खाली करून ओरडले, येते!

पहिला सीझन मला फार आवडला नव्हता. आता दर वेळी घरच्या फोननंतर हा एक भाग बघते, वेड आहे थोडं.

स्पष्ट बोलतो राग नसावा

तुम्ही सगळे रडताय पण मला दुसरा सीझन अर्धा झोप आणणारा वाटला. चेटकिणींची ती चहापार्टी, बोलतायत बोलतायत बोलतायत, कुणाचा काय हेतू कळेना. आणि रेमला २५ भाग झोपवून ठेवलं ते वेगळंच. पहिल्या सीझनचा अठरावा भाग, रेम खचलेल्या सुबारूला सावरते तो, म्हणजे या सिरीजचं शिखर, पुढे उतारच. तो ससा मात्र भयानक, ते मान्य. बर्फात पांढरे गोंडस ससे येतात आणि याला जिवंत कुरतडून खातात, त्या रात्री जेवलो नाही.

भाच्याचा मामा

अहो बोलणं जास्त आहे हे खरं, पण म्हणून तर किती भागांत सुरवातीचं गाणंच कापलंय, जेवढी मिनिटं मिळतील तेवढी गोष्टीला. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. आणि कुणाला एमिलिया डोक्यात जात असेल तर मधला २०१९ चा सिनेमा आधी बघा, तिचं आणि पकचं (तिच्यासोबतचा मांजरासारखा आत्मा) आधीचं सगळं त्यात आहे, मग दुसऱ्या सीझनमधलं तिचं कोसळणं समजतं.

ऑटो समर्थक

फक्त ऑटोसाठी लिहितोय. पहिल्या सीझनमध्ये गाडी हाकणारा एक विनोदी व्यापारी, कुणी लक्षही दिलं नसेल. दुसऱ्या सीझनच्या उत्तरार्धात, जानेवारी २०२१ ला, सुबारू सगळं एकट्याने ओढायच्या नादात खोटं हसत 'काळजी नको' चालू करतो आणि ऑटो त्याला एक ठोसा ठेवून देतो. मित्रापुढे कसला आव आणतोस म्हणून. किती वेळा मेला हा पोरगा, पण मदत माग असं सांगायला एक ठोसा लागला. असा एक मित्र मलाही आहे, ठोसा नाही, शिव्या घालतो.

नागपूरचा कूलर

माझं अटॅक ऑन टायटनचं, माणसं खाणाऱ्या राक्षसांची (टायटन) सिरीज. २०१३ चा पहिला सीझन हॉस्टेलवर आठ जण एका लॅपटॉपवर बघितला. मग चार वर्षं काही नाही, २०१७ ला फक्त १२ भाग आले, तोवर आठातले पाच गळले. २०१८ ला तिसरा सुरू झाला तर टायटन कमी आणि राजकारण जास्त, अजून दोघं गेले. उरलो मी एकटा.

आणि मग तिसऱ्या सीझनचे २०१९ मधले ते शेवटचे दहा भाग. मे-जूनचा नागपूरचा उकाडा, कूलरचा एवढा आवाज की सबटायटलवरच भिस्त. सेनापती अर्विन नवख्या पोरांना घेऊन दगड फेकणाऱ्या टायटनच्या समोर घोडे घालतो, मरायचंय हे सगळ्यांना माहीत. पुढे जीव वाचवणारी सुई एक आणि मरणारे दोघं, अर्विन की नायकाचा मित्र आर्मिन. मी उठून कूलर बंद केला. घामाने न्हालो पण बंद केला.

घराच्या तळघराची किल्ली नायक एरेनच्या गळ्यात पहिल्या सीझनपासून लटकत होती, सहा वर्षं आम्ही भांडायचो आत काय असेल. तर राक्षस नाही, शस्त्र नाही, वह्या आणि एक फोटो. फोटो! ज्यांना फोटो म्हणजे काय तेच माहीत नाही त्या लोकांच्या हातात. त्या रात्री दीड वाजता सातही जणांना फोन लावले, दोघांनी उचलला, एकाचं नुकतंच लग्न झालेलं, त्याने शिव्या घातल्या.

निवृत्त ग्रंथपाल

मी पंचावन्न वर्षांची आहे, इथे माझं काय काम असं वाटेल, पण मुलीने 'असेंडन्स ऑफ अ बुकवर्म' लावून दिली, म्हणाली आई ही तूच आहेस. पुस्तकवेडी मुलगी मरून दुसऱ्या जगात शिपायाची आजारी लेक माइन म्हणून जन्मते आणि तिथे गरिबाच्या घरात पुस्तकच नाही. मग गवत विणून बघते, मातीच्या पाट्या करते, लाकडाच्या पट्ट्यांवर लिहिते तर आई त्या चुलीत घालते. गोड आहे, पण २०१९ चा पहिला सीझन फार संथ, मी दोनदा तरी घोरले.

२०२२ चा तिसरा, दहाच भागांचा. शेवटी तिला जीव वाचवायला मोठ्या घरात दत्तक जावं लागतं, आई-बाबांना आई-बाबा म्हणायचं नाही असा जादूचा करार, कागदोपत्री माइन मेली, नवं नाव रोझमाइन. ते नाव ऐकलं आणि मला आमचं ताट आठवलं. लग्नात तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं होतं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही हसले. जुन्या नावाने पुढे फक्त वडील हाक मारायचे, ते गेल्यावर कुणीच नाही. या मुलीच्या नव्या नावात निदान जुनं शिल्लक तरी ठेवलंय. मुलगी विचारत होती आई काय झालं, म्हटलं काही नाही, कांदा चिरलाय. कांदा चिरला नव्हता.

भाच्याचा मामा

काकू, तुमचं वाचून ती सिरीज आजच लावतो.

भाच्याचं कळवतो, तेरावा भाग ओलांडला साहेबांनी. काल रात्री अठरावा बघितला आणि पावणेदोनला मेसेज, एकच शब्द: रेम. खाली चार बदाम. सकाळी वहिनी सांगत होती भिंतीला तिचं पोस्टर मागवलंय. मी काही बोललो नाही. दुसरा सीझन शनिवारी सुरू करतोय म्हणाला, शनिवारी मी फोन बंद ठेवणार आहे.