हरणासाठी आमिष: मका, सफरचंद, ओकची फळे, की काहीच नको?

माचाणकर

उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की माचाणासमोर काय टाकावे हा प्रश्न हमखास निघतो आणि बहुतेक जण डोळे झाकून मका असे सांगून मोकळे होतात. मक्याशी माझे वैर नाही, परंतु त्याची निवड करताना हरणापेक्षा आपलीच सोय अधिक पाहिली जाते: पोते सहज मिळते, दाणे फीडरमधून (ठरावीक वेळी दाणे टाकणाऱ्या यंत्रातून) न अडकता पडतात आणि पिवळा रंग कॅमेऱ्यात लांबूनही उठून दिसतो. माझ्या मते त्या आठवड्यात त्या रानात हरणाला फुकट काय मिळते आहे, हे आधी पाहावे आणि आमिष मागाहून ठरवावे.

सप्टेंबरात क्लोव्हर हा चारा कोवळा असतो, सोयाबीनची पाने हिरवी असतात, तेव्हा कोरड्या दाण्याची ओढ बेताचीच असते. ऑक्टोबरात ओकची फळे झडू लागली की कालपर्यंत मक्यावर येणारी हरणे एकाएकी दिसेनाशी होतात, आणि नवखा शिकारी अशी समजूत करून घेतो की ती रान सोडून गेली. प्रत्यक्षात ती दोनशे पावलांवर ओकखाली चरत असतात. पुढे कडाक्याची थंडी पडून रान ओस झाले की त्याच मक्याला पुन्हा भाव येतो, कारण त्यात प्रथिने जेमतेम 8 ते 10 टक्के असली तरी पिष्ट भरपूर असते आणि त्या दिवसांत शरीराला उष्मांकच हवे असतात. सलगमाचेही असेच आहे. हिम पडेपर्यंत हरणे पेरलेल्या पट्ट्याकडे पाहतही नाहीत. हिम पडल्यावर पाल्यात गोडवा उतरतो आणि मग पट्टा जमिनीलगत साफ होतो.

चाटण विटेविषयी, म्हणजे हरणांनी चाटावी म्हणून ठेवलेल्या मिठाच्या विटेविषयी, तर अनेकांचा गैरसमज आहे. वसंतात आणि उन्हाळ्यात कोवळ्या पाल्यात पाणी आणि पोटॅशियम फार असल्यामुळे हरणांना सोडियमची भूक लागते आणि ती माती चाटायलाही येतात. शरदात ती भूक ओसरते. नोव्हेंबरात चाटण वीट मांडून तिच्यावर नजर ठेवून बसणे म्हणजे लग्न लागून गेल्यावर मांडव घालण्यासारखे आहे.

तेव्हा माझा क्रम असा: हंगामाच्या आरंभी सफरचंदे, कारण त्यांचा वास वाऱ्यावर लांब जातो; ओक झडत असताना काहीही नाही; आणि थंडी वाढल्यावर मका. मतभेद असतील तर अवश्य मांडावेत.

पहाटवेळ

माचाणकर, तुमचा क्रम ज्या रानात ओक, सफरचंद आणि हिम तिन्ही आहेत तेथे शोभेल. मी दक्षिण टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर शिकार करतो. तेथे आमिष कायदेशीर आहे आणि काटेरी झुडपांचे रान इतके दाट असते की मुद्दाम कापलेल्या वाटेखेरीज वीस पावलांपलीकडचे काही दिसत नाही. अशा ठिकाणी हरणाच्या आवडीनिवडीचा शोध घेण्यापेक्षा ते ठरावीक वेळी उघड्यावर येईल एवढे घडवून आणणे महत्त्वाचे असते. फीडर पहाटे आणि संध्याकाळी काही सेकंद फिरतो, दाणे आतल्या पत्र्यावर खणखणतात, आणि काही आठवड्यांनी त्या आवाजासरशी झुडपांतून कान बाहेर डोकावू लागतात. भल्याभल्या सुवासिक मिश्रणांना ही किमया साधत नाही.

आमिषाला हिणवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. धनुष्याने शिकार करणाऱ्याला हरीण साधारण 20 यार्डांत, आडवे आणि निश्चिंत उभे असलेले हवे असते. चालत्या, बिचकलेल्या हरणावर सोडलेला बाण पोटात लागतो आणि ते जनावर रात्रभर तडफडते. मान खाली घालून दाणे वेचणाऱ्या हरणाकडे शांतपणे पाहता येते, मादीमागे पाडस आहे का हे तपासता येते, आणि नको असेल तर बाण न सोडता परतता येते.

निवडीविषयी माझे अनुभव थोडक्यात सांगतो. मका कोरडा, झाकणबंद डब्यात ठेवलेला असावा. ओल लागलेल्या दाण्यावर बुरशी येते, त्यातून अफ्लाटॉक्सिन तयार होते आणि ते हरणांआधी रानटर्की आणि लाव्यांना भोवते. भाताच्या कोंड्यातील तेलाच्या वासाने हरणे लवकर जमतात, परंतु पहिल्याच पावसात त्याचा लगदा होतो. उसाची मळी ओतू नये. मी एकदा ओतली आणि तीन रात्री कॅमेऱ्यात रॅकून आणि रानडुकरे यांच्याखेरीज कोणीही आले नाही. माजाच्या काळात मोठा नर खाण्यासाठी क्वचितच येतो, तो माद्यांमागे येतो. म्हणून त्या दिवसांत आमिष माद्यांना रुचणारे असले म्हणजे पुरे.

रवंथ

तुम्हां दोघांचाही वाद कोणता पदार्थ टाकावा याच्याच भोवती फिरतो आहे. जनावरांच्या पोटाशी माझा रोजचा संबंध असल्यामुळे मला हा वाद दुय्यम वाटतो, आणि माझा आक्षेप ढीग घालण्यालाच आहे. तरी आधी पोटाविषयी सांगतो.

हरीण हे रवंथ करणारे जनावर आहे. त्याच्या कोटीपोटातील (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातील) सूक्ष्मजीव ऋतूनुसार बदलत जातात: उन्हाळ्यात कोवळा पाला पचवणारे अधिक, हिवाळ्यात काटक्या आणि कळ्या पचवणारे अधिक. हा बदल व्हायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. ऐन जानेवारीत काटक्यांवर जगणाऱ्या हरणासमोर अचानक मक्याचा ढीग आला आणि उपाशी हरणाने तो भरपेट खाल्ला, तर पिष्टाचे झपाट्याने आंबवण होऊन लॅक्टिक आम्ल साठते, कोटीपोटाचा सामू घसरतो आणि आम्लधर्मीय अपचनाने ते हरीण एक ते तीन दिवसांत मरू शकते. गाईम्हशींतही हाच आजार दिसतो. फरक इतकाच की गोठ्यात वेळीच उपचार होतात, रानात होत नाहीत. मेलेल्या हरणाचे पोट फाडले तर ते दाण्यांनी गच्च भरलेले आढळते. माचाणकर, थंडी वाढल्यावर मका हा तुमचा सल्ला आधीपासून मका खात आलेल्या हरणांना चालेल. जेथे आजूबाजूला मक्याची शेतेच नाहीत तेथे तो घातक आहे.

आता सफरचंदाकडे येऊ. हरीण सफरचंद कसे खाते हे कधी जवळून पाहिले आहे का? त्याला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. आख्खे फळ ते तोंडात धरते, मान वर करून दाढांकडे सरकवते, दोन्ही ओठांच्या कडांतून फेसाळ लाळ गळत राहते, आणि अर्धा चावलेला तुकडा निसटून खाली पडला की शेजारची मादी तो उचलते. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (सीडब्ल्यूडी) हा हरणांचा मेंदू पोखरणारा जीवघेणा रोग पसरायला याहून सोयीची मांडणी कोणती असेल? हा रोग प्रथम 1967 मध्ये कोलोरॅडोत बंदिस्त म्यूल हरणांत आढळला आणि 1981 मध्ये तेथीलच रानटी एल्कमध्ये (हरणांच्या एका मोठ्या जातीत) दिसला. विस्कॉन्सिनला तो 2002 मध्ये कळला. त्याचे कारण असलेली प्रिऑन नावाची विकृत प्रथिने लाळेत, मूत्रात आणि लेंड्यांत असतात, मातीत वर्षानुवर्षे टिकतात, आणि रोगाला लस नाही की औषध नाही. मिशिगनमध्ये गुरांच्या क्षयरोगानेही हाच धडा शिकवला होता. गाजर आणि साखरबीट यांचे ढीग घालण्याची तेथे मोठी प्रथा होती. पुढे सीडब्ल्यूडीही आढळल्यावर 2019 च्या जानेवारीअखेर दक्षिणेकडील द्वीपकल्पात आमिष आणि चारा घालण्यावर बंदी आली.

पहाटवेळ

रवंथ, तुमच्या पोटाविषयीच्या विवेचनाबद्दल आभार. ते मला पूर्णपणे मान्य आहे. आमचे फीडर वर्षभर चालतात, त्यामुळे अचानक बदलाचा धोका आमच्याकडे कमी आहे. परंतु रोगाविषयीचा तुमचा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. माजाच्या काळात नर जमीन उकरून तिच्यावर लोंबणारी फांदी चाटतात, चघळतात, तिला डोळ्यांजवळचा भाग घासतात. एकाच फांदीवर अनेक हरणे येऊन हेच करतात. माद्या पिलांना चाटतात, कळपातील हरणे एकमेकांची मान साफ करतात. ही सगळी लाळ आम्ही ओतलेली नाही.

आणि पेरलेल्या चाऱ्याचे काय? दोन एकर क्लोव्हर आणि ओट पेरून त्याच्या काठावर माचाण बांधणाऱ्याला बहुतेक राज्यांत आमिष लावणारा म्हणत नाहीत, आणि दहा किलो मका टाकणाऱ्याला मात्र म्हणतात. हेतू दोघांचा एकच असतो. फरक ट्रॅक्टर परवडण्याचा आहे. टेक्सासमध्ये हा रोग 2012 पासून माहीत आहे, तरी आमिषावर सरसकट बंदी आलेली नाही, हेही विचारात घ्यावे.

रवंथ

बंदी आली नाही यावरून धोका नाही असे ठरत नाही. टेक्सासमधील बहुतांश जमीन खासगी आहे आणि तेथील धोरणावर त्याचा प्रभाव असणारच. फांदीचा मुद्दा मात्र रास्त आहे आणि मी तो नाकारत नाही. तरीही प्रमाणात फरक आहे. फांदीचा हा व्यवहार माजाच्या काळात सर्वांत जोरात असतो आणि रानभर विखुरलेला असतो. तुमच्या फीडरखालच्या चार पावलांच्या तुकड्यात वर्षाचे 365 दिवस तीच हरणे त्याच मातीत तोंड घालतात, आणि तेथेच लेंड्या टाकतात. मिशिगनच्या उत्तरेकडील द्वीपकल्पात आमिषाला परवानगी देतानाही एका जागी 2 गॅलन, म्हणजे सुमारे साडेसात लिटर मापापेक्षा अधिक टाकू नये आणि तेही किमान दहा फूट बाय दहा फूट जागेत पसरावे, असा नियम केला तो यासाठीच. क्लोव्हरच्या शेतात हरणे पांगून चरतात. तेथेही धोका शून्य नाही, पण तोंडाला तोंड लागत नाही.

तुरटफळ

मी बराच वेळ वाचतो आहे आणि मला आश्चर्य वाटते की माचाणकरांनी ओकचा उल्लेख केवळ अडचण म्हणून केला. ऑक्टोबरात काहीही टाकू नये असे तुम्ही लिहिता, मग त्या ओकखालीच का बसत नाही?

ओकांतही भेद आहे आणि तो ओळखता आला तर पोत्याची गरज राहत नाही. ज्याच्या पानांची टोके गोलसर असतात तो पांढऱ्या ओकच्या गटातला. त्याची फळे एकाच हंगामात पिकतात आणि त्यांत टॅनिन कमी असते. टोकदार पानांच्या लाल ओकच्या फळांना दोन हंगाम लागतात आणि ती अधिक तुरट असतात. हरणाच्या लाळेत टॅनिनला बांधून ठेवणारी प्रथिने असल्यामुळे ते लाल ओकची फळेही खाते, परंतु पांढऱ्या ओकची मिळत असताना त्यांच्या वाट्याला सहसा जात नाही. पांढऱ्या ओकची फळे पडल्यावर त्याच शरदात रुजू लागतात, लाल ओकची वसंतापर्यंत तशीच राहतात; म्हणून आधी पांढरा, नंतर लाल, हा क्रम हरणे स्वतःच पाळतात. झाडाखाली वाकून पाहावे: नुसत्या टोप्या आणि फुटकी टरफले उरली असतील, पाचोळा उलटासुलटा झाला असेल आणि लेंड्या ओल्या असतील, तर झाड चालू आहे. खारींनी कुरतडलेली फळे निराळी दिसतात. काही वर्षी मात्र ओक फळतच नाहीत, तेव्हा ही सगळी विद्या फुकट जाते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

आमिषाचा आणखी एक तोटा येथे कोणी सांगितला नाही. शिकाऱ्याच्या पावलांचा आणि पोत्यांचा वास मुरलेल्या ढिगावर म्हातारा नर दिवसाउजेडी येत नाही. कॅमेऱ्यात त्याचे फोटो रात्री दोनचे असतात. ढिगाला खाडा न करता भरत राहणे म्हणजे त्याला रात्री यायला शिकवणे होय. 1887 मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने जनावराला निसटण्याची न्याय्य संधी देण्याचे तत्त्व पुढे आणले. आमिष त्यात बसते की नाही यावर आजही एकमत नाही, पण म्हाताऱ्या नराने आपल्यापुरता निर्णय घेतलेला दिसतो.

पहाटवेळ

तुरटफळ, माझ्या रानात एकही पांढरा ओक नाही. एवढेच.

माचाणकर

सर्वांचे वाचले. रवंथ यांनी वर्णन केलेली लाळ मी स्वतः पाहिली आहे. सफरचंदाचा तो चावलेला तुकडा तीन हरणांच्या तोंडांतून फिरताना कॅमेऱ्यात आला होता आणि तेव्हा मला ते गमतीचे वाटले होते. सफरचंदे मी माझ्या क्रमातून काढतो. ज्यांच्या भागात ती कायदेशीर आहेत त्यांनीही मी आधी लिहिलेले मनावर घेऊ नये.

मक्याविषयी मी पूर्ण माघार घेत नाही. माझ्याभोवती तीन बाजूंना मक्याची शेते आहेत, कापणीनंतर हरणे तेथे सांडलेले दाणे वेचतातच, तेव्हा त्यांच्या कोटीपोटाला तो नवा नाही. परंतु मी विस्कॉन्सिनमध्ये आहे, जेथे रोगी हरीण सापडलेल्या काउंटीत (जिल्ह्यात) 3 वर्षे आणि त्या जागेपासून 10 मैलांच्या आत येणाऱ्या शेजारच्या काउंटीत 2 वर्षे आमिष घालता येत नाही, आणि ही यादी बदलत असते. तेव्हा पोते उघडण्यापूर्वी मला ती पाहणे भाग आहे. तूर्त उद्या सकाळी टेकडीमागच्या दोन गोल पानांच्या ओकखाली पाचोळा उलटून पाहणार आहे. तुरटफळ, टरफले खारीची की हरणाची हे फोटोवरून सांगाल का?

तुरटफळ

सांगेन, पण फोटो टोपीच्या बाजूने घ्या आणि शेजारी लेंडी असेल तर तीही चौकटीत येऊ द्या.