पाळकांना विचारलेले आणि न विचारलेले प्रश्न : अनुभव धागा

विश्वास, शंका आणि प्रार्थना यांवरचे उपदेश आपण सगळ्यांनी भरपूर ऐकलेत, इथे ते नकोत. एखादा अडलेला प्रश्न घेऊन तुम्ही पाळकांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे गेलात, तेव्हा समोरच्या माणसाने काय केलं आणि पुढे काय झालं, तेवढं लिहा. चांगलं-वाईट दोन्ही चालेल. पाळकांनीही लिहावं, त्यांच्याकडे तर साठा असणार. माणसांची, मंडळीची (चर्चची) नावं नकोत. आणि कृपा करून कुणाच्या दुःखाखाली बायबलचं एखादं वचन चिकटवून निघून जाऊ नका.

सुरुवात मी करते. दृढीकरणाच्या वर्गात (चर्चचं पूर्ण सभासद होण्याआधीच्या शिकवणीत) थोमाची गोष्ट चालली होती. येशू मरणातून उठला हे जखमांना हात लावल्याशिवाय मानणार नाही म्हणणारा तो शिष्य. मी विचारलं होतं, थोमाने असं वेगळं काय मागितलं? बाकीच्यांनी प्रभूला आधीच पाहिलं होतं, हाच तेवढा राहिला होता. वर्गात सगळे चिडीचूप. पाळक म्हणाले, बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 20 वा अध्याय काढ आणि थोमा मधला आठवडा कुठे होता ते शोध. आठ दिवसांनंतर तो शिष्यांबरोबर आतच होता. पटलेलं नसताना तो निघून गेला नाही आणि बाकीच्यांनीही त्याला बाहेर काढलं नाही. आणखी एक गंमत म्हणजे, त्याने खरोखर जखमेत बोट घातलं असं त्या अध्यायात कुठेही नाही. चित्रकार मात्र हमखास घालायला लावतात! आता कुणी कुणाला 'संशयी थोमा' म्हणून हिणवलं की माझ्या कपाळाला आठी पडते.

* * *

लिहू की नको करत होते. माझी मुलगी आजारपणात गेली. त्या काळात घरी येऊन प्रार्थना करणाऱ्यांची रीघ होती. ती गेल्यावर त्यातल्याच काहींचा सूर बदलला. 'विश्वासाने मागितलं असतं तर मिळालं असतं', 'घरात काही कबूल करायचं राहिलंय का बघा'. हे माझ्या तोंडावर, माझ्याच घरात.

आमचे पाळक आले ते बराच वेळ नुसते बसले. बायबल पिशवीतच होतं. शेवटी मीच विचारलं, माझा विश्वास कमी पडला का? ते म्हणाले, "नाही." एवढंच, पुढे 'पण' नाही. मग त्यांनी दोन जागा वाचून दाखवल्या. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असा प्रश्न येशूनेच केला आणि 'नाही' असं उत्तरही त्यानेच दिलं, ती लूक 13 मधली. दुसरी योहान 9, जन्मांध माणसाची. पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं, असं शिष्य विचारतात आणि येशू दोघांनाही त्यातून सोडवतो.

मग मी विचारलं, असं आहे तर का गेली ती? ते म्हणाले, "मला माहीत नाही, ताई." मला इतका राग आला! पाळकाला माहीत नाही तर कुणाला असणार? तो राग बरेच दिवस होता, आणि ते तरीही येत राहिले. ईयोब म्हणजे बायबलमधला, काही चूक नसताना सगळं गमावलेला माणूस; त्याच्या मित्रांबद्दल त्यांनीच सांगितलं. ते सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं. मग देवाची बाजू मांडायला लागले, आणि 42 व्या अध्यायात देव रागावतो तो त्या वकिलांवर. भांडणाऱ्या ईयोबावर नाही.

मला प्रार्थना जमत नव्हती. ते म्हणाले, सध्या मंडळी तुमच्या वतीने करेल, तुम्ही फक्त येऊन बसा. गीताला उभी राहिले नाही तरी चालेल, आणि हे महिला मंडळालाही त्यांनी बजावून ठेवलं होतं. वाचायला बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं, म्हणजे प्रार्थनागीतांच्या पुस्तकातलं, 88 वं स्तोत्र दिलं. ते अंधारावरच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळही नाही. असलं स्तोत्र शास्त्रात राहू दिलं कुणी, असा विचार पहिल्यांदा मनात आला. मग तेच रोज वाचू लागले.

* * *

ताई, वाचून गलबलून आलं. माझा अनुभव अगदी उलटा.

कॉलेजात असताना विचारलं होतं की उत्पत्तीचे (बायबलच्या पहिल्या पुस्तकाचे) पहिले दोन अध्याय जसेच्या तसे घ्यायचे तर क्रम जुळत नाही, पहिल्यात प्राणी आधी आणि माणूस नंतर, दुसऱ्यात माणूस आधी. साधा प्रश्न होता, खोडसाळपणा नव्हता. उत्तर मिळालं, 'शंका सैतान पेरतो'. पुढच्या रविवारी चर्चमध्ये त्यावर अख्खं प्रवचन झालं, बोट न दाखवता. पण सगळ्यांना कळलं कोण ते. तरुण संघाचं काम माझ्याकडून काढून घेतलं. मी जाणं सोडलं.

याच प्रश्नावर शेकडो वर्षं अभ्यास झालाय, ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने पाचव्या शतकातच उत्पत्तीचे सहा दिवस शब्दशः घेण्यातल्या अडचणींवर लिहिलंय, हे मला पुढे स्वतः वाचून कळलं. एवढंच सांगितलं असतं तरी मी थांबलो असतो. येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना अजून म्हणतो, रात्री, सवयीने. त्याला काय म्हणायचं ते म्हणा.

* * *

छोटंसं. मला नैराश्य होतं, मी त्याला 'आत्मिक कोरडेपणा' म्हणत होते. पाळकीणबाईंनी (हो, त्या स्वतः पाळक आहेत, पाळकांच्या पत्नी नव्हेत) आधी झोप, जेवण आणि औषधं याबद्दलच विचारलं. मी म्हटलं, मी प्रार्थनेसाठी आलेय. त्यांनी बायबलमधलं 1 राजे 19 उघडलं. एलीया संदेष्टा झाडाखाली पडून मरण मागतोय. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकरी देतो, पाणी देतो, झोपू देतो, उठवून पुन्हा खायला घालतो. देवाच्या डोंगराकडे जाणं त्यानंतर. बाईंनी डॉक्टरांची वेळ माझ्यासमोरच घ्यायला लावली, मग प्रार्थना केली. तीही चार वाक्यांची.

* * *

मी पाळक आहे. बरीच वर्षं ही सेवा करतोय, म्हणून आतल्या बाजूने लिहितो.

लोकांना वाटतं की आमची प्रार्थनेची टाकी कायम भरलेली असते. तसं काही नसतं. सकाळी दफनविधी, दुपारी रुग्णालयात भेट, संध्याकाळी लग्नाआधीचं समुपदेशन, आणि प्रत्येक ठिकाणी मोठ्याने प्रार्थना मीच करायची. कधी कधी शब्द तोंडातून जातात आणि मी बाजूला उभा राहून ऐकतोय असं वाटतं. मदर तेरेसांची खासगी पत्रं 2007 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, प्रसिद्ध झाली. देव जवळ असल्याची जाणीवच उरली नाही असं त्या कित्येक दशकं कबुलीगुरूंना (पापांची कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूंना) लिहीत होत्या. त्या कॅथलिक, आमची परंपरा वेगळी, तरी ते कळल्यावर मला धक्का बसला नाही, हायसं वाटलं.

अशा दिवसांत मी स्वतःचे शब्द शोधत बसत नाही, स्तोत्रसंहिता घेतो. 13 व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन ओव्यांतच 'कोठवर?' हा प्रश्न चार वेळा येतो. तोही प्रार्थनेचाच भाग आहे, आणि तो मी ठणकावून म्हणतो.

शंका घेऊन येणाऱ्यांना मी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा शेवट दाखवतो. 28:17. पुनरुत्थित प्रभू समोर उभा आहे, शिष्य नमन करताहेत, आणि त्याच ओळीत काहींना संशय आला असंही लिहिलंय. जगभर शिष्य करण्याचं पुढचं काम मात्र उरलेल्या अकराही शिष्यांना दिलं. संशयवाल्यांना आधी वेगळं काढलं नाही. वर ज्या भावाचं काम काढून घेतलं, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिलं.

* * *

मी नास्तिक, त्यातून पाळकाचा मुलगा. हे घरी सांगितलं तेव्हा वडिलांनी एकच विचारलं, "नाताळला येशील ना?" येतो. खुर्च्या लावतो, आवाजयंत्रणा बघतो. वाद आमचा अजून चालू आहे आणि दोघंही हरत नाही.

* * *

वरच्या पाळकसाहेबांना एक विचारायचंय. मार्क 9 मध्ये आजारी मुलाला येशूकडे आणणारा तो बाप म्हणतो, 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका', आणि त्याचा मुलगा बरा होतो. माझ्या नवऱ्यासाठी मीही अगदी तेच म्हणते आहे. तो बरा होत नाहीये. थांबू का मागायचं?

* * *

ताई, थांबू नका. प्रेषित पौलाने आपल्या 'शरीरातला काटा', म्हणजे छळणारा त्रास, काढण्यासाठी तीनदा मागितलं आणि काटा राहिला. गेथशेमाने बागेत, पकडला जाण्याआधी, येशूनेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा मागितलं, प्याला टळला नाही. त्यांच्या मागण्यात खोट होती असं कुणी म्हणत नाही, तुमच्याही नाही. तो बरा होईल असं वचन मी देणार नाही, माझ्या हातात ते नाही. पण एकट्याने मागू नका. तुमच्या मंडळीत दोघींना सांगा, वार वाटून घ्या, म्हणजे ज्या दिवशी तुम्हाला शब्द सुचणार नाहीत त्या दिवशी दुसरी कुणी मागत असेल. आणि नवऱ्याजवळ रात्री कोण बसतं? तुम्हीच असाल तर आधी ती पाळी वाटून घ्या.