क्लासिक ३५० कार्बवाली : एअरबॉक्सला भोकं पाडून खरंच पॉवर मिळते का?

रस्ता_आणि_रबर
गाडी २०१४ ची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०, कार्ब्युरेटरवाली, सायलेन्सर कंपनीचाच. पुण्यात चालते. ८० च्या पुढे मूठ कितीही पिळली तरी इंजिन घुसमटल्यासारखं वाटतं. एक गॅरेजवाला म्हणतो पेटी (एअरबॉक्स, म्हणजे एअर फिल्टरचा डबा) काढून टाक, कोन फिल्टर (थेट कार्बवर बसणारा उघडा शंकूसारखा फिल्टर) लाव आणि मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं कार्बमधलं छिद्र) मोठा टाक. दुसरा म्हणतो पेटी ठेव, झाकणाला भोकं पाड. भोकं कुठे आणि केवढी पाडायची, जेट कितीने वाढवायचा आणि पावसाळ्यात काय होतं, हे जाणकारांनी सांगावं. "कंपनीने विचार करूनच बनवलंय" एवढंच उत्तर नको, ते ऐकून झालंय.

पाण्याची_नळी
आधी हिशोब करा, ड्रिल नंतर काढा.

इंजिन ३४६ सीसी, कमाल ताकद १९.८ बीएचपी, तीही ५२५० आरपीएमला. फोर स्ट्रोक असल्यामुळे दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढली जाते. म्हणजे सिलिंडर शंभर टक्के भरला तर मिनिटाला ९०८ लिटर. प्रत्यक्षात ८० टक्के धरा, तर सव्वासातशे लिटरच्या आसपास, सेकंदाला साधारण १२ लिटर. एवढी हवा आत येताना पेटी आणि फिल्टर किती अडवतात हा खरा प्रश्न आहे, आणि तो घरी मोजता येतो.

६ मिमीची पारदर्शक नळी दोन मीटर घ्या, तिचा यू आकार करून पट्टीवर बांधा, अर्धी रंगीत पाण्याने भरा. एक टोक उघडं ठेवा, दुसरं पेटीत फिल्टर आणि कार्बच्या मधल्या भागात न्या. टोक हवेच्या धारेसमोर नको, भिंतीलगत हवं. सिंगल सिलिंडर झटके देत ओढतो, त्यामुळे पाणी नाचतं आणि काहीच वाचता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे नळीत एखादा जुना मेन जेट घट्ट बसवायचा, पाणी स्थिर होतं. मग मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल. पट्टीकडे चालवणाऱ्याने बघायचं नाही, मोबाइलचा कॅमेरा त्यावर रोखून ठेवा आणि नंतर बघा. दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक हे रीडिंग. नंतर नळी फिल्टरच्या आधीच्या भागात लावून पुन्हा एकदा. दोन रीडिंगमधला फरक एकट्या फिल्टरचा, उरलेला सोंडेचा (पेटीत हवा घेणाऱ्या तोंडाच्या नळीचा).

वातावरणाचा दाब म्हणजे पाण्याचा साधारण दहा मीटरचा स्तंभ. तेव्हा १०० मिमीचा अडथळा पूर्ण काढलात तरी हवा वाढणार एक टक्का, म्हणजे ०.२ बीएचपी. मुंबईहून पुण्याला वर आल्यावर हवेचा दाब सहा टक्क्यांच्या आसपास कमी होतो, त्यातच याच्या सहापट जातं.

सिंगल_पिस्टन
वरचं बरोबर आहे, पण लोक जिथे फसतात ती गोष्ट जेटची. पेटी मोकळी केली की गाडी लीन होते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं; उलट झालं तर रिच) याचं कारण "हवा जास्त आली" असं सांगतात. ते अर्धंच कारण आहे. फ्लोट बोलची (कार्बमधल्या पेट्रोलच्या वाटीची) व्हेंट नळी बाहेरच्या हवेला उघडी असते. पेटीतला अडथळा कार्बच्या तोंडाशी दाब कमी करतो, म्हणजे तो हलक्या चोकसारखा पेट्रोल ओढायला मदत करत असतो. अडथळा काढला की ती मदत गेली.

उदाहरण घ्या. समजा जेटवरची एकूण ओढ ६०० मिमी पाणी, त्यातले १०० पेटीचे. पेटी मोकळी केली, उरले ५००. पेट्रोलचा प्रवाह ओढीच्या वर्गमुळानुसार बदलतो, म्हणजे पेट्रोल जवळपास ९ टक्के कमी आणि हवा एक टक्का जास्त. मिश्रण दहा टक्के लीन. ताकद वाढणं सोडा, गाडी आधीपेक्षा बसते आणि हेड तापतं. भरून काढायला जेटचं क्षेत्रफळ दहा टक्के वाढवावं लागतं, म्हणजे व्यास पाच टक्के. व्यासाचा आकडा १०० असेल तर १०५. म्हणून "सरळ १२० टाक" म्हणणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका. जेट एकाच बनावटीचे घ्या, कारण काहींवरचा आकडा व्यासाचा असतो, काहींवरचा प्रवाहाचा. एक-एक पायरी चढा.

मेन जेट फक्त पाऊण थ्रॉटलच्या वर बोलतो. मधल्या टप्प्यात गाडी ओढत-सोडत चालत असेल तर नीडल (स्लाइडला लटकणारी, पेट्रोलची वाट कमी-जास्त करणारी सुई) वर घ्यायची. खाच एकच असेल तर क्लिपखाली अर्ध्या मिमीचा वॉशर. आयडलचा स्क्रू शेवटी. तपासणी प्लगवर करा : पूर्ण थ्रॉटलवर असताना एकदम किल स्विच आणि क्लच, मग गार झाल्यावर प्लग काढून पोर्सलेनच्या मुळाशी बघा. पांढरंफेक म्हणजे लीन, कोरडी काळी काजळी म्हणजे रिच. टोकाच्या रंगावर जाऊ नका, तो आयडलनेही बदलतो. वाइडबँड लॅम्बडा (धुरावरून मिश्रण मोजणारा सेन्सर) मिळाला तर सगळ्यात उत्तम, पूर्ण थ्रॉटलला एक भाग पेट्रोलला १२.८ ते १३.२ भाग हवा धरा.

सायलेन्सरमधले फटाके ऐकून लगेच लीन ठरवू नका. पेटीतून एक्झॉस्टकडे हवेची जोड-नळी जाते, ती सुटली किंवा पेटी काढताना उघडी राहिली तरी थ्रॉटल सोडल्यावर फटाके वाजतात.

घाटवळण
कोन फिल्टर नकोच. हा २९ मिमीचा सीव्ही कार्ब आहे. त्याची स्लाइड (हवेची वाट उघडणारा सरकता भाग) केबलने वर जात नाही, दाबातल्या फरकावर जाते, आणि डायफ्रॅमखालचा (स्लाइड उचलणाऱ्या रबरी पडद्याखालचा) दाब कार्बच्या पेटीकडच्या तोंडातून घेतला जातो. पेटीतली हवा शांत असते, कोन फिल्टरवर आडवा वारा आला की हा दाब हलतो आणि स्लाइड फडफडते. ट्रक ओलांडताना गाडी मिस मारते ते यामुळे. शिवाय काही स्वस्त कोन फिल्टरांची रबरी कड कार्बच्या तोंडातली एअर जेटची बारीक छिद्रं झाकते, मग कितीही जेट बदला, ट्युनिंग जमतच नाही.

इंजिनची गरम हवा हाही मुद्दा आहेच. ओढली जाणारी हवा १० अंशांनी गरम झाली तर घनता तीन टक्क्यांनी घटते. मोकळेपणाने मिळालेला एक टक्का गेला आणि वर दोन टक्के पदरचे गेले.

भोकंच पाडायची तर फिल्टरच्या अलीकडच्या, धुळीच्या बाजूला. पलीकडे पाडलंत तर धूळ थेट सिलिंडरमध्ये, आणि रिंगा किती लवकर झिजतील ते सांगायला नको. पेटी गाडीवरून उतरवून पाडा, प्लास्टिकचे तुकडे आत राहू देऊ नका. २९ मिमीच्या कार्बचं क्षेत्रफळ ६६० चौरस मिमी, २२ मिमीच्या एका भोकाचं ३८०. सोंडेचं आतलं क्षेत्रफळ कार्बच्या दीडपट असेल तर भोकांनी काही फरक पडणार नाही. कमी असेल तर सीटखाली, वरच्या बाजूला एकच भोक पाडून मोजा, मग दुसरं. चाकाकडच्या भिंतीला अजिबात नको, पावसात चिखल फिल्टरवर येतो आणि भिजलेला कागदी फिल्टर हवाच सोडत नाही. पेटीच्या तळाची निचऱ्याची नळी आणि इंजिनच्या ब्रीदरची (आतला वायू बाहेर सोडणारी) नळी जागेवर राहू द्या.

एक तोटाही आहे. सोंड आणि पेटी मिळून एका ठरावीक कंपनाला साथ देतात. सोंडेचं क्षेत्रफळ दुप्पट केलं की ते कंपन १.४ पट वर सरकतं, म्हणजे खालच्या आरपीएमला मिळणारा ढकला कमी. या इंजिनचा २८ एनएम टॉर्क ४००० आरपीएमला आहे, लोक चालवतात त्याच्याही खालून. तो घालवून ५२०० च्या वर थोडं कमावण्यात काय हशील?

कागदपत्रे
पीयूसी आयडलला होते, त्यामुळे मेन जेटचा तिथे संबंध येत नाही, आयडल स्क्रू बिघडवलात तर येतो. पण उत्पादकाच्या मूळ बनावटीत फेरफार हा विषय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. भोकांनी इनटेकचा आवाजही वाढतो, पोलिसाचं लक्ष त्यानेच जातं.

रस्ता_आणि_रबर
नळी लावली. पूर्ण थ्रॉटलला फिल्टरनंतर १९० मिमी, फिल्टरआधी ४५.

पाण्याची_नळी
म्हणजे सोंडेचे ४५ आणि एकट्या फिल्टरचे १४५. भोकं पाडून त्या ४५ मधलेच थोडे कमी होतील. नवा कागदी फिल्टर टाका आणि परत मोजा.

तरी १९० पूर्ण वाचवले तरी दोन टक्केच हवा, ०.४ बीएचपी. "८० च्या पुढे घुसमट" एवढ्याने होत नाही, उलट तुंबलेला फिल्टर मिश्रण रिच करतो, त्याचा भाग मोठा असेल. प्लग काळे आहेत का बघा, दोन्ही.

फिल्टर बदलूनही राहिलं तर कार्बकडे वळा. मूठ पूर्ण पिळल्यावर बटरफ्लाय (केबलने फिरणारी कार्बमधली झडप) पूर्ण उघडतो का, की केबल लांबल्यामुळे थोडा तिरकाच राहतो? मग वरचं झाकण काढून डायफ्रॅम उजेडासमोर धरा. टाचणीएवढं छिद्र असेल तरी स्लाइड पूर्ण वर जात नाही आणि गाडी नेमकी अशीच अडकते.

सिंगल_पिस्टन
डायफ्रॅम परत बसवताना त्याची कड खाचेत नीट बसली पाहिजे, स्प्रिंग दाबताना ती हमखास निसटते. कार्ब क्लीनर रबरावर मारू नका, फुगतं. आणि या इंजिनला हायड्रॉलिक टॅपेट आहेत (व्हॉल्व्हची फट तेलाच्या दाबाने आपोआप जुळवणारे), "टॅपेट सेट करून देतो" असं कुणी म्हणाला तर पैसे देऊ नका.