जुनी गाडी रेस देताच दम खाते, मदत हवी आहे

कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) आणि पॉइंटवाली (ठिणगीसाठी उघडझाप करणारा स्विच असलेली) चार सिलिंडरची जुनी गाडी घरीच ट्यून करतोय. आयडलला छान चालते, पण अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला की क्षणभर दम खाते, कार्बोरेटरमधून फट् आवाज येतो आणि मग उचलते. चोक (हवा कमी करून मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी झडप) थोडा ओढला की त्रास जवळजवळ जातो. प्लगही पांढरट पडलेत, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय असं वाटतं. पॉइंटचा गॅप ०.४ मिमी ठेवून टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) नव्याने लावलं (गॅप बदलला की टायमिंग सरकतं, हे दोनदा विसरलो!).

इंजिन बंद ठेवून थ्रॉटल (रेस दिली की उघडणारी कार्बोरेटरची झडप) हाताने फिरवला, तर अ‍ॅक्सिलरेटर पंपाची (एकदम रेस दिली की जास्तीचं पेट्रोल फवारणारा छोटा पंप) धार येते, पण बारीक आणि उशिरा. पंपाचा डायफ्राम (रबरी पडदा) गेला असेल, की मॅनिफोल्डच्या (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधून हवा ओढतेय? कार्बोरेटर खोलण्याआधी काय तपासू?