'चालताबोलता फौजी अपंग कसा?' विचारणाऱ्यांना

गनरची बायको
काल इथे एकाने लिहिलं, "चालताबोलता माणूस रिटायर होतो, सैनिकांच्या ट्रायब्यूनलमध्ये जातो आणि 50 टक्के अपंग होऊन, अपंगत्व पेन्शन घेऊन येतो. पैसा आपल्या कराचा." खाली अंगठ्यांची रांग. म्हणून लिहितेय. लांबेल, आधीच सांगते.

आमचे हे तोफखान्यात 24 वर्षं, हवालदार म्हणून उतरले. डावा कान गेलाय, उजवा निम्मा. निवृत्तीआधी तपासणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने अपंगत्व 20 टक्के लिहिलं आणि पुढच्या रकान्यात 'नाना'. फौजी घरांत हा नाना सगळ्यांच्या ओळखीचा: सेवेमुळे झालं नाही, सेवेने वाढलंही नाही, म्हणून पेन्शन नाही. कारण एका ओळीत, 'पीस स्टेशनला असताना सुरुवात', म्हणजे लढाईच्या भागाबाहेरच्या शांत ठाण्यावर. तोफा काय पीस स्टेशनला असताना हळू वाजतात? तिथूनच गोळाबारीच्या सरावाला रेंजवर जायचे ना? फर्स्ट अपील फेटाळलं, पत्रात तीच ओळ. सेकंड अपीललाही तीच. स्वल्पविरामसुद्धा हलला नव्हता.

2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने धरमवीर सिंग प्रकरणात सांगून ठेवलंय की भरतीच्या कागदांवर आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट आला असं धरायचं, आणि सेवेचा संबंध नाही हे सरकारने दाखवायचं. मग प्रत्येकाने वेगळा वकील का करायचा?

हिशेबनीस
ताई, ती पोस्ट माझीच. मागे घेत नाही. शेवटचा पगार 40,000 धरा. 100 टक्के अपंगत्वाला त्याचे 30 टक्के, म्हणजे 12,000. या हिशेबाने 20 टक्क्यांना 2,400 व्हायला हवेत. मिळतात 6,000, कारण 20 चे 50 धरतात. त्यावर महागाई वेगळी. ही सवलत आधी मेडिकलवर घरी पाठवलेल्यांना होती, 2014 च्या राम अवतार निकालाने मुदत पुरी करून आलेल्यांनाही मिळाली. आणि धरमवीर सांगता तर 2019 चा नरसिंह यादवही सांगा. स्किझोफ्रेनियाची केस होती, दावा फेटाळला. भरतीच्या तपासणीत काही आजार दिसतच नाहीत, असं त्याच कोर्टाने म्हटलंय.

जुना सुभेदार
दोघंही भलत्याच ठिकाणी भांडताय. मलई कोण खातो ते बघा. 2023 चा कॅगचा अहवाल वाचा, अपंगत्व पेन्शन घेऊन निघणाऱ्यांत अधिकाऱ्यांचं प्रमाण जवानांपेक्षा कितीतरी जास्त. नोकरीभर गोल्फ खेळणाऱ्या साहेबांना शेवटच्या दोन वर्षांतच बीपी कसं उगवतं? आमचा जवान गुडघा धरून 'ठीक हूँ सर' म्हणत घरी जातो, कारण मेडिकल कॅटेगरी खाली आली तर प्रमोशन अडकतं.

कर्नल (नि.)
सुभेदार साहेब, गोल्फवाली भाषा नको. माझं बीपी 41 व्या वर्षी निघालं, काश्मीर खोऱ्यात कंपनी, म्हणजे जवानांची तुकडी, सांभाळताना. रात्री दोनला रेडिओ वाजला की आजही छातीत धडधडतं. आणि प्रमाणाचं कारण साधं आहे. जवान चाळिशीच्या आसपास घरी जातो, कर्नल 54 ला. वयाबरोबर बीपी, शुगर येणारच.

जुना सुभेदार
वयाबरोबर येणारच ना? मग सेवेमुळे आलं कसं? साहेब, स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलात.

हिशेबनीस
हेच तर मी कालपासून सांगतोय!

कर्नल (नि.)
शब्दांत पकडायची हौस असेल तर पकडा. वय आणि ताण दोन्ही असतं, 'सेवेने वाढलं' हा शब्द त्याच्याचसाठी आहे. 2019 मध्ये परिपत्रक काढून या पेन्शनवरची टॅक्सची सूट फक्त मेडिकलवर बाहेर पडलेल्यांपुरती करायला निघाले, 2023 च्या नियमांत मुदत पुरी करणाऱ्यांच्या रकमेचं नावच 'इम्पेअरमेंट रिलीफ' करून टाकलं. आणि आपण इथे साहेब विरुद्ध जवान खेळतोय. चालू द्या.

जुना सुभेदार
खेळ तुम्ही सुरू केला. माझा रेडिओ ऑपरेटर पाठीच्या मणक्याने वाकलाय, त्याला 'नाना'. त्याच बोर्डात एका साहेबांची शुगर मंजूर. डोळ्यांनी पाहिलंय, कॅगची गरज नाही.

गनरची बायको
माझा कान राहिला बाजूला, धागा बीपीने खाल्ला.

काळा कोट
कानाचंच बोलू. 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की नुसतं 'पीस पोस्टिंग' लिहून बोर्डाला हात झटकता येणार नाहीत, कारणं द्यावी लागतात. ती निकालप्रत जोडा. मात्र जिंकलात तरी संपेलच असं नाही. ट्रायब्यूनलविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येतं हे 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा मान्य केलंय. ती वाट सैनिकाला आहे तशी सरकारलाही. आणि उशीर करू नका. 2008 च्या तरसेम सिंग निकालाच्या आधाराने थकबाकी अनेकदा अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच दिली गेली आहे.

हिशेबनीस
आणि त्या थकबाकीतला वकिलाचा टक्का किती, तेही सांगा.

काळा कोट
घेतात काही जण, नाही कशाला म्हणू? पण बोर्डाने एका ओळीऐवजी पाच ओळी लिहिल्या असत्या तर माझ्याकडे कोणी आलंच नसतं. ताई, भरतीच्या वेळी कानाची तपासणी कशी झाली होती?

गनरची बायको
डॉक्टर पाठीमागे उभे राहून आकडे कुजबुजले, यांनी ते परत म्हटले. झाली तपासणी. कागदावर शेप वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त. आता सहा फुटांवरून जेवायला हाक मारली तर दुसऱ्यांदा मारावी लागते, तीही उजव्या बाजूला जाऊन.

काळा कोट
तो शेप वन म्हणजेच तुमची केस. वार्षिक मेडिकलच्या सगळ्या प्रती मागवा. ऐकू येणं कोणत्या वर्षापासून घसरलं ते काढा आणि त्या वर्षांत युनिट किती वेळा रेंजवर होतं त्याच्याशी जोडा.

हिशेबनीस
बरं, तोफवाल्याचा कान दिला. पुरावा सरळ आहे. 20 चे 50 मात्र देणार नाही, आणि बीपी तर मुळीच नाही.

गनरची बायको
देणारे तुम्ही कोण? पण धन्यवाद. मेडिकलच्या प्रती मागवायचा अर्ज आज लिहिते.

जुना सुभेदार
साहेब, गोल्फचं उत्तर राहिलं.