जुनी लक्झरी गाडी आणि न झालेला रिकॉल: नाव बदलताना आरटीओने अडवावं का?

निशाचर_पुणे (धागाकर्ता)

मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. दहा-बारा वर्षांपूर्वी 60-70 लाखांना गेलेली जर्मन एसयूव्ही आज नव्या क्रेटाच्या भावात मिळते, कधी त्याहूनही खाली. जाहिरातीत सनरूफ, लेदर, सिंगल ओनर, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल, सगळं असतं. रिकॉलचं काम, म्हणजे दोष निघाल्यावर कंपनीने गाड्या परत बोलावून करायची दुरुस्ती, झालंय की नाही, हे मात्र आजवर एकाही जाहिरातीत वाचलेलं नाही.

नुसतं हवेत बोलत नाही. जून 2022 मध्ये मर्सिडीजने एमएल, जीएल आणि आर-क्लास गाड्यांचा रिकॉल जाहीर केला. 2004 ते 2015 या काळात बनलेल्या, जगभरात मिळून सुमारे 10 लाख गाड्या. पायाचा जोर वाढवून ब्रेकला देणाऱ्या ब्रेक बूस्टरच्या डब्यावर एक रबरी आवरण असतं. त्याखाली पाणी साचतं, डबा गंजतो आणि हवा गळायला लागली की ब्रेकचा जोर कमी होतो. अगदी क्वचित प्रसंगी पेडल आणि ब्रेक यांचा संबंधच तुटू शकतो. अमेरिकेत जवळपास 2 लाख 92 हजार मालकांना कळवलं गेलं की तपासणी होईपर्यंत गाडी चालवूच नका. ही सगळी मॉडेलं आपल्याकडच्या सेकंड हँड बाजारात भरपूर फिरतात.

आता आपला कायदा बघा. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110-अ आलं, 1 एप्रिल 2021 पासून नियम लागू झाले. सरकार सक्तीने रिकॉल लावू शकतं, कंपनीला 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंड करू शकतं. पण अट काय, तर गाडी 7 वर्षांच्या आतली हवी. अहो, ही गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातात जाते तीच मुळी सात वर्षांनंतर!

म्हणून माझं मत: फॉर्म 29-30 भरून नाव बदलताना चेसिस नंबरावर रिकॉल बाकी दिसला, तर काम पूर्ण झाल्याशिवाय ट्रान्सफर होऊ नये. 7 वर्षांची अट 15 करावी. बोला.

गॅरेजवाला_भोसरी

असहमत. पूर्णपणे.

मी रोज याच गाड्या उघडतो. ‘ओनर कंप्लेंट’ म्हणून लोक जे काही इंटरनेटवर लिहितात, त्यातलं निम्म्याहून जास्त दुर्लक्षाचं फळ असतं. पहिला मालक शोरूमला सर्व्हिस करतो, दुसरा बाहेर करतो, तिसरा फक्त ऑइल बदलतो आणि चौथा बोंब मारतो की गाडीच खराब. एअर सस्पेंशन बसलं, गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललंच नाही, कूलंटमध्ये नळाचं पाणी ओतलंय. याला कंपनी काय करणार?

आणि रिकॉल म्हणजे गाडी वाईट, हा समज आधी डोक्यातून काढा. रिकॉल जाहीर करणारी कंपनी निदान चूक मान्य तरी करते. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये दोष निघाला, तेव्हा होंडाने भारतात लाखांनी गाड्या स्वतःहून बोलावल्या. त्या वेळी तुमचा सक्तीचा कायदा जन्मालाही आला नव्हता.

आरटीओला आणखी एक चेक दिला तर काय होईल ते सांगू? एजंटच्या रेटकार्डात एक ओळ वाढेल. ‘रिकॉल क्लिअर – एवढे एवढे’. बास.

जर्सीकर

इकडची माहिती देतो, कारण ‘अमेरिकेत बघा कसं सगळं कडक’ असं कोणीतरी लिहिणारच आहे.

इथे गाडीचा 17 अक्षरी चेसिस नंबर टाकला की सरकारी साइटवर बाकी रिकॉल दिसतो, फुकट. मालकांच्या तक्रारीही कोणालाही वाचता येतात. दुरुस्ती फुकट मिळण्याची मुदत 2015 च्या कायद्याने 10 वरून 15 वर्षं केली. धागाकर्ते म्हणतात ती 15 तिथूनच आली असावी. पण रिकॉल बाकी असलेली सेकंड हँड गाडी डीलरने विकू नये, असा केंद्रीय कायदा अमेरिकेतही नाही! भाड्याने देणाऱ्या मोठ्या कंपन्यांना 2016 पासून अशी गाडी देता येत नाही, विकणाऱ्याला मात्र मोकळं रान. डीलर लॉबीपुढे इथेही कोणाचं चालत नाही.

तेव्हा भोसरीवाले दादांचं अर्धं पटतं. अडवण्यापेक्षा आधी दाखवा तरी.

निशाचर_पुणे

@गॅरेजवाला_भोसरी, दादा, दुर्लक्षाचा मुद्दा मान्य. पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवताय. सस्पेंशन बसणं हा खर्च आहे. ब्रेक बूस्टर गंजणं हा मालकाचा दोष नाही, तो डिझाइनमध्येच आहे. पुस्तकाप्रमाणे सर्व्हिस केलेल्या गाडीलाही तो होऊ शकतो.

बीएमडब्ल्यूचं कोरियातलं प्रकरण घ्या. 2018 च्या उन्हाळ्यात तिथे डिझेल गाड्या एकामागून एक पेटत होत्या. कारण निघालं ईजीआर कूलरमधली (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणाऱ्या भागातली) गळती. कूलंट आत झिरपायचं, काजळीत मिसळून साचायचं आणि तापून पेट घ्यायचं. ऑगस्टमध्ये तिथल्या सरकारने तपासणी न झालेल्या सुमारे 20 हजार गाड्या रस्त्यावर आणायलाच बंदी घातली. ऑक्टोबरपर्यंत जगभरातला रिकॉल 16 लाखांवर गेला. त्या मालकांनी नळाचं पाणी ओतलं होतं का?

गॅरेजवाला_भोसरी

कोरियात बंदी होती ती तपासणी न झालेल्या गाड्यांना, आणि तपासणीसाठी कंपनीने सर्व्हिस सेंटरं रात्रंदिवस चालवली. इथे तुम्ही ट्रान्सफर अडवणार आणि पार्ट येणार चार महिन्यांनी. तोवर विकणाऱ्याचे पैसे अडकले, घेणारा इन्शुरन्स भरत बसला.

मांडवीकाठ

आमच्या गोव्यात आणि खाली मालवण-वेंगुर्ल्याकडे गाडी कशी सडते ते देशावरच्या लोकांना कळायचं नाही. वरून पॉलिश केलेली असते. बॉनेट उघडा, काचेखालची काळी जाळी काढा, आत पालापाचोळ्याचा चिखल असतो. पाणी जायची वाट बुजलेली. आणि बरोबर त्याच कोपऱ्यात, ड्रायव्हरच्या पायापुढे, तो बूस्टरचा काळा गोल डबा.

गाडी बघायला गेलात तर इंजिन चालू ठेवा, खिडक्या बंद, एसी आणि गाणी बंद. ब्रेक हळू दाबा. फुस्स असा हवेचा आवाज आला किंवा पेडल मऊ लागलं तर चावी परत द्या नि घरी या. मर्सिडीजने मालकांना हीच लक्षणं कळवली होती.

टकाटाचंही तेच. त्यातलं अमोनियम नायट्रेट उष्ण-दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडतं आणि एअरबॅग फुगताना धातूचे तुकडे अंगावर येतात. उष्ण-दमट म्हणजे कोकण, अजून काय! जुन्या गाडीला इथे जास्त धोका, नि कायदा म्हणतो सात वर्षांनंतर तुमचं तुम्ही बघा. माझं मत धागाकर्त्यांना.

काळा_कोट

कायद्याचं थोडं.

1. 7 वर्षांची अट सक्तीच्या रिकॉलला आहे. कंपनीने स्वतःहून केलेल्या रिकॉलला नाही, तिथे जुन्या गाडीचंही काम होतं आणि तुम्ही कितवे मालक हे आड येत नाही. त्यामुळे ‘कायद्यात नाही’ म्हणून शोरूमने परत पाठवलं तर ऐकू नका, लेखी मागा.

2. सक्तीच्या रिकॉलसाठी तक्रारींची जी संख्या लागते ती वार्षिक विक्रीच्या प्रमाणात ठरते. वर्षाला काही शे खपणाऱ्या मॉडेलचे मालक देशभर विखुरलेले, त्यातले बरेच कंपनीच्या नावावर गाडी घेणारे. ते सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर तक्रार नोंदवत बसत नाहीत, गाडी विकून मोकळे होतात. खरी गळती इथे आहे.

3. ‘कोर्टात खेचू’ म्हणणाऱ्यांसाठी: हैदराबादच्या एका कंपनीने 2009 मध्ये बीएमडब्ल्यू 7 सिरीज घेतली, दोष निघाला. सर्वोच्च न्यायालयाने 50 लाख द्यायला सांगितले जुलै 2024 मध्ये. तीही नवी कोरी गाडी, पहिला मालक. तुम्ही तिसरे मालक, ‘जशी आहे तशी’वर सही केलेली. करा हिशोब.

आरटीओपेक्षा डीलरला धरा असं मी म्हणेन. एप्रिल 2023 पासूनच्या नियमांत जुन्या गाड्यांच्या डीलरला परवानगी घ्यावी लागते आणि गाडी ताब्यात घेतल्याचं कळवलं की तो कागदोपत्री मालक मानला जातो. मालक, तर मग रिकॉलचं पत्र त्याला, काम करून घेणं त्याच्याकडे.

दिल्लीची_सून

पत्रावरून आठवलं. आमच्या ओळखीत एकांनी दिल्लीहून डिझेल गाडी आणली. तेव्हा तिकडे 10 वर्षं झाली की डिझेलवर गंडांतर यायचं, म्हणून स्वस्तात. एनओसी आली, इथला रोड टॅक्स भरला, एमएच नंबर लागला. रिकॉलची पत्रं नि मेसेज मात्र गुरगावच्या पहिल्या मालकाकडे, कारण कंपनीच्या यादीत नंबर त्याचाच. आरटीओत नाव बदललं म्हणजे कंपनीकडे बदलत नाही. शोरूमला आरसी दाखवून ते वेगळं बदलून घ्यावं लागतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

त्यामुळे वकीलसाहेब, डीलरला धरा ठीक, पण ओळखीतून, घरगुती होणाऱ्या व्यवहारांचं काय? तिथे आरटीओशिवाय कोण आहे मध्ये?

गॅरेजवाला_भोसरी

ताई, मुद्दा चांगला आहे. पण मग वाहन पोर्टलवरूनच नवीन मालकाचं नाव आपोआप कंपनीला जाऊ दे ना. आरसीच्या पानावर लाल अक्षरात ‘रिकॉल बाकी’ येऊ दे. घेणारा बघेल, भाव पाडेल, घेईल किंवा सोडेल. ट्रान्सफर अडवायला माझा विरोध कायम.

निशाचर_पुणे

भाव पाडून घेईल आणि तशीच चालवेल, हाच तर प्रॉब्लेम आहे दादा! ब्रेक नसलेली सव्वादोन टनी गाडी फक्त त्याच्या जिवावर उठत नाही. 2016 च्या नाताळात इंग्लंडमध्ये एक बीएमडब्ल्यू वीज जाऊन रस्त्यात बंद पडली, ब्रेक लाइटसुद्धा नाहीत. तिला चुकवताना मेला तो दुसऱ्या गाडीतला माणूस. 2018 मध्ये तिथे 3 लाखांवर गाड्या परत बोलावल्या, त्याआधी एवढ्या नव्हत्या. त्या माणसाला आरसीवरची लाल अक्षरं कोण वाचून दाखवणार होतं?

जर्सीकर

जर्मनीत रिकॉल टाळत राहिलं तर शेवटी गाडीची नोंदणी काढून घेऊ शकतात. आधी पत्र, मग आठवण, मग थेट रस्त्यावर बंदी. मुदत देऊन अडवता येतं, पहिल्याच दिवशी दार बंद करायची गरज नाही.

गॅरेजवाला_भोसरी

मुदत सहा महिने, पार्ट नसेल तर कंपनीने लेखी द्यायचं आणि मुदत आपोआप वाढायची. एवढं लिहून देणार असाल तर बोलू. आणि ते ‘रिकॉल क्लिअर’चं सर्टिफिकेट शोरूमच देणार ना? मग त्याचे पैसे किती घेणार, ते आधी ठरवा. तपासणीच्या नावाखाली दोन लाखांचं एस्टिमेट हातात देणारी शोरूमं मी बघितली आहेत.

मांडवीकाठ

दोन लाख? आमच्याकडे त्यात फक्त डावीकडचा हेडलाइट येतो.