मदत हवी आहे : लहानपणीच्या लैंगिक अत्याचारातून बाहेर पडायला घरच्यांना सांगावंच लागतं का?

हा डुआयडी आहे. नेहमीच्या आयडीने लिहायचं धाडस नाही, समजून घ्या.

मी ऐरोलीत राहतो, पस्तिशी ओलांडली आहे. लहानपणी मे महिन्यात आम्ही भावंडं ठाण्याला नातेवाइकांकडे राहायला जायचो. तिथे घरातल्याच एका मोठ्या माणसाने माझ्यावर लैंगिक अत्याचार केले. तपशील लिहीत नाही. मुलग्यांच्या बाबतीत असं होतं हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. केंद्र सरकारच्या २००७ च्या अहवालात अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून जास्त मुलगे होते, हे मी अलीकडे वाचलं. तोवर वाटायचं, मी एकटाच.

तो माणूस आता घरातला मान्यवर ज्येष्ठ आहे. प्रत्येक कार्यात कुणीतरी म्हणतंच, "जा, पाया पड." मी फोन कानाला लावून हॉलबाहेर सटकतो. पुढच्या महिन्यात पुन्हा एक लग्न आहे आणि आत्तापासूनच झोप उडाली आहे. ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत मागून कुणी रेटलं तरी घाम फुटतो. बायकोला सगळं माहीत आहे, तिचा पूर्ण आधार आहे. आईला काहीच माहीत नाही.

तिला न सांगता यातून बरं होता येतं का? आणि समुपदेशकाकडे गेलो तर ते पोलिसांना कळवतील का? खरी भीती ती आहे.

प्रतिसाद १
समुपदेशन करते, म्हणून लिहिते. घरी सांगणं ही बरं होण्याची अट नाही. आधी झोप, घाबरणं आटोक्यात आणायचं, आठवणींवर काम त्यानंतर. पहिल्याच भेटीत सगळं खोदून विचारणारा समुपदेशक खुशाल बदला. ट्रॉमावरचं, म्हणजे मानसिक आघातावरचं प्रशिक्षण घेतलंय का, ईएमडीआर किंवा ट्रॉमा-केंद्रित सीबीटी (या आघातावरच्या उपचारपद्धती) करता का, हे फोनवरच विचारा. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला, त्याआधीच्या घटनांना तो लागत नाही. त्यामुळे त्यातली कळवण्याची सक्तीही तुमच्या त्या जुन्या घटनेला नाही. तरी गोपनीयतेबद्दल पहिल्या भेटीत स्पष्ट बोलून घ्या. मात्र तो माणूस आज कुठल्या मुलाला त्रास देत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे कायदा लागतो, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवता येतं.
खर्चाचा प्रश्न असेल तर ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, नावाला बिचकू नका. रात्री-अपरात्री अगदीच असह्य झालं तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

प्रतिसाद २
मी आईला सांगितलं होतं. "आता कशाला उकरून काढतेस" एवढंच म्हणाली. ते पचवायला मूळ घटनेइतकाच वेळ गेला. तिने विश्वास ठेवला नाही तरी आपण कोसळणार नाही असं वाटेल, तेव्हाच सांगा. तोवर लग्नात पाठीत उसण भरली म्हणायचं. वाकता येत नाही, विषय संपला. आणि लग्नाला गेलंच पाहिजे असंही काही नाही!

धागाकर्ता
दोघींचे आभार. उसण नक्की भरणार. 🙂
पण 'आज कुठल्या मुलाला' हे वाचल्यापासून डोक्यात एकच आहे. त्या माणसाच्या घरात सहा-सात वर्षांचा नातू आहे आणि दुपारभर तो त्या माणसाकडेच असतो. काही घडतंय असं माझ्या कानावर नाही. नातवाच्या आईशी माझं जेमतेम बोलणं आहे. तिला एकटीला गाठून सांगावं असं वाटतंय. असं कुणी कुणाला सांगितलंय का? सुरुवात कशी केलीत?